सिलिंडरशिवाय हायड्रोजन: पॅलेडियम, फॉर्मिक ॲसिड आणि खोलीच्या तापमानाला द्रव असणारं मीठ

पॅरासिटामॉल तयार करण्याच्या एका प्रचलित मार्गात पॅरा-नायट्रोफिनॉल नावाच्या रेणूपासून सुरुवात होते. त्यातल्या नायट्रोजनला दोन ऑक्सिजन चिकटलेले असतात. ते काढायचे आणि त्यांच्या जागी दोन हायड्रोजन बसवायचे. काढलेले ऑक्सिजन पाणी होऊन बाहेर पडतात. हिशेब केला तर एका रेणूमागे हायड्रोजनचे सहा अणू लागतात: दोन नायट्रोजनवर, चार पाण्यात. पुढे थोडं ॲसेटिलीकरण केलं, म्हणजे नायट्रोजनवर ॲसेटिल गट जोडला, की तापाची गोळी तयार.

कागदावर ही एक ओळ आहे. पण हे सहा हायड्रोजन आणायचे कुठून? १८५४ पासून चालत आलेली बेशाँ यांची पद्धत म्हणजे लोखंडाचा कीस आणि आम्ल. काम होतं, पण माल निघतो त्याच्या बरोबरीने काळपट लोखंडी गाळ उरतो आणि तो कुठे टाकायचा हा प्रश्न मालाइतकाच मोठा होऊन बसतो. म्हणून उद्योगांनी हायड्रोजन वायू आणि धातूचा उत्प्रेरक अशी वाट धरली. पॉल साबात्ये यांना १९१२ चं नोबेल याच कामासाठी मिळालं आणि आपल्याकडचं वनस्पती तूपही याच वाटेने आलं: तेलात निकेलची बारीक पूड, वरून हायड्रोजन.

हायड्रोजन वायू स्वच्छ आहे, कामाचा आहे, पण त्याला सांभाळणं सोपं नाही. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही असलं तरी मिश्रण पेट घेऊ शकतं, आणि त्यासाठी कपड्यावरच्या स्थिर विजेची ठिणगीही पुरते. त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. सिलिंडरमध्ये तो हवेच्या दाबाच्या दीडशेपट दाबाने भरलेला असतो आणि काही पोलादांत शिरून त्यांना ठिसूळ करतो. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम करणारे त्याला आणखी एका कारणाने ओळखतात. वाळूतला ओलावा वितळलेल्या धातूला भेटला की सुटणारा हायड्रोजन धातूत मुरतो आणि कास्टिंग थंड होताना पिनहोल, म्हणजे बारीक छिद्रं पाडतो.

मोठ्या कारखान्याला या सगळ्याची व्यवस्था परवडते. कोल्हापूर-सांगलीकडच्या एखाद्या कॉलेजच्या प्रयोगशाळेला किंवा औषधांचे मधले घटक बनवणाऱ्या छोट्या युनिटला उच्च दाबाचं पात्र, वेगळी खोली, वायुगळती ओळखणारी यंत्रं हे सगळं जड जातं. तिथूनच हा विचार पुढे येतो की हायड्रोजन वायूच्या रूपात आणायचाच कशाला? ज्या रेणूकडे तो आधीच आहे, त्याच्याकडून घेऊन दुसऱ्याला द्यावा. यालाच ट्रान्सफर हायड्रोजिनेशन म्हणतात.

कल्पना जुनी आहे. १९०३ मध्ये क्नोफेनागेल यांच्या लक्षात आलं होतं की पॅलेडियमच्या काळ्या पुडीजवळ काही रेणू आपापसातच हायड्रोजनची देवाणघेवाण करतात. १९५० च्या दशकात ब्रॉड आणि लिन्स्टेड यांनी सायक्लोहेक्झिन हा दाता म्हणून वापरून त्याची नीट पद्धत बसवली. आज दाते अनेक आहेत: आयसोप्रोपिल अल्कोहोल, हायड्रॅझिन, अमोनियम फॉर्मेट. पण सगळ्यांत सुटसुटीत आहे फॉर्मिक ॲसिड. मुंगी चावल्यावर जळजळ होते ती बऱ्याच अंशी याच आम्लामुळे. शेजारच्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात रबराच्या बागा आहेत. तिथे किंवा कुठेही रबराचा चीक गोठवायला हेच आम्ल वापरतात, म्हणजे माल सहज मिळणारा आहे. कातडी भाजते, वाफ नाकाला झोंबते, हातमोजे आणि चष्मा हवाच. पण कॅनमध्ये ठेवता येतं आणि पंपाने थेंबाथेंबाने घालता येतं.

फॉर्मिक ॲसिडच्या रेणूत एक कार्बन, दोन ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन. हायड्रोजन दोन्ही देऊन टाकले की उरतो कार्बन डायऑक्साइड, आणि तो बुडबुडे होऊन निघून जातो. ४६ ग्रॅम आम्लात २ ग्रॅम हायड्रोजन, म्हणजे वजनाच्या ४.४ टक्के. हा आकडा लहान वाटतो. पण एक लिटर फॉर्मिक ॲसिडमध्ये सुमारे ५३ ग्रॅम हायड्रोजन असतो, आणि तेवढाच हायड्रोजन वायू साध्या दाबाला ठेवायचा तर सहाशे लिटरहून जास्त जागा लागेल. शिवाय हायड्रोजन काढून घेतल्यावर मागे राहणारा पदार्थ स्वतःहून भांडं सोडतो, त्यामुळे क्रिया उलट फिरायचा प्रश्न उरत नाही.

आता पॅलेडियमकडे येऊ. अणुक्रमांक ४६ चा हा चांदीसारखा दिसणारा धातू विल्यम हाइड वोलास्टन यांनी १८०२ च्या सुमारास प्लॅटिनमच्या खनिजातून वेगळा काढला. हायड्रोजनशी त्याचं नातं विलक्षण आहे. पॅलेडियमचा तुकडा स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे नऊशेपट हायड्रोजन वायू शोषून घेऊ शकतो. टॉमस ग्रॅहम यांनी १८६० च्या दशकात हे मोजलं. हायड्रोजनला पकडायचं, पण इतकं घट्ट नाही की तो पुढे देताच येणार नाही, हा त्याचा गुण. उत्प्रेरकाला नेमकं हेच लागतं.

भांड्यात काय घडतं ते पायरीपायरीने पाहिलं की बाकी सगळं सोपं होतं. फॉर्मेट, म्हणजे ऑक्सिजनवरचा हायड्रोजन सोडून दिलेलं फॉर्मिक ॲसिड, पॅलेडियमला ऑक्सिजनच्या बाजूने येऊन चिकटतं. मग त्याच्या कार्बनवरचा हायड्रोजन सरकून धातूवर जातो आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. आता पॅलेडियमकडे एक हायड्रोजन आहे. ज्या रेणूवर काम करायचं आहे तो आपल्या दोन कार्बनांमधला दुहेरी बंध घेऊन धातूवर येऊन टेकतो. हायड्रोजन एका कार्बनवर जातो, पॅलेडियम दुसऱ्या कार्बनला धरून राहतं. शेवटी दुसरा हायड्रोजन येऊन पॅलेडियमची जागा घेतो, तयार रेणू सुटतो आणि पॅलेडियम पुढच्या फेरीसाठी मोकळं होतं. दोन्ही हायड्रोजन साधारणपणे रेणूच्या एकाच बाजूने बसतात, कारण धातू त्याच बाजूला असतो.

डोळ्यांना न दिसणारी ही देवघेव लोकांनी शोधली कशी? फॉर्मिक ॲसिडमधले दोन हायड्रोजन एकसारखे नाहीत. एक कार्बनवर असतो, दुसरा ऑक्सिजनवर. यांपैकी एकाच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे हायड्रोजनचा दुप्पट जड भाऊबंद, घालायचा आणि शेवटी तयार मालात तो नेमका कुठे बसला ते पाहायचं. काही वेळा हायड्रोजन आणि ड्युटेरियम धातूवर आपसात मिसळतात आणि उत्तर धूसर होतं, तरीही या युक्तीने बरंच उलगडतं. रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलांना मी आवर्जून सांगतो की यंत्रणेची चित्रं पुस्तकात काढलेली असतात म्हणून खरी मानायची नसतात. प्रत्येक बाणामागे असा काहीतरी प्रयोग शोधायचा.

पॅलेडियमची आवडनिवडही ठरलेली आहे. दालचिनीचा वास ज्याच्यामुळे येतो त्या सिनामाल्डिहाइडमध्ये दोन ठिकाणी हायड्रोजन बसू शकतो: कार्बन-कार्बन दुहेरी बंधावर किंवा कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधावर. पॅलेडियम सहसा पहिल्यावर हायड्रोजन बसवतं आणि दुसऱ्याला हात लावत नाही. ज्याला नेमकं हेच हवं त्याच्यासाठी हे वरदान आहे. ज्याला उलट हवं त्याने दुसरा धातू शोधावा.

कोल्हापुरात हा मुद्दा थेट आपल्या उसाशी येऊन भिडतो. गुऱ्हाळाचं चिपाड काय किंवा साखर कारखान्याचा बगॅस काय, त्यात झायलन नावाची एक साखळी-साखर असते. आम्लात तापवली की तिच्यापासून फरफ्युराल मिळतं. या फरफ्युरालला दोन हायड्रोजन दिले की फरफ्युरिल अल्कोहोल तयार होतं आणि त्यापासून फुरान रेझिन. मोठ्या कास्टिंगचे नो-बेक, म्हणजे न भाजता घट्ट होणारे साचे करताना वाळूचे कण बांधून ठेवतं ते हेच रेझिन. म्हणजे ऊस आणि फाउंड्री या जिल्ह्याच्या दोन्ही मोठ्या व्यवसायांच्या मधोमध हायड्रोजिनेशनची एक पायरी उभी आहे. मग इथे पॅलेडियम वापरावं का? बहुतेकदा नाही. इथे हायड्रोजन हवा असतो कार्बन-ऑक्सिजन बंधावर, आणि पॅलेडियम एक तर बाजूच्या कड्यातले दुहेरी बंध भरून टाकतं, नाही तर रेणूतून कार्बन मोनॉक्साइडच तोडून काढतं. उद्योगात या पायरीसाठी तांबं आणि क्रोमियम यांचा उत्प्रेरक वापरला जात आला आहे, आणि क्रोमियम नको म्हणून इतर पर्यायांवर जगभर काम चालू आहे. एखादा उत्प्रेरक महाग आणि प्रसिद्ध आहे म्हणून प्रत्येक कामाला लावायचा नसतो, हे दाखवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

पॅलेडियम जिथे योग्य आहे तिथेही दोन अडचणी उरतात. पहिली म्हणजे त्याचे अणू एकमेकांना शोधतात. द्रावणात मोकळे सोडले की हळूहळू गोळा होऊन काळा साका तळाला बसतो. उत्प्रेरण पृष्ठभागावर घडतं, त्यामुळे गोळा झालेला धातू बहुतांशी वाया गेलेला असतो. दुसरी अडचण तयार मालात उतरणाऱ्या धातूची. तोंडावाटे घ्यायच्या औषधांतून दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पॅलेडियम शरीरात जाऊ नये, अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

नेहमीचा उपाय म्हणजे पॅलेडियम कोळशाच्या पुडीवर बसवायचं आणि काम झाल्यावर गाळून घ्यायचं. उपाय चांगला आहे आणि आजही सर्वाधिक वापरला जातो. पण हायड्रोजन शोषलेली ती काळी पूड गाळणकागदावर कोरडी पडली आणि आसपास मिथेनॉलची वाफ असली, तर ती आपोआप पेट घेऊ शकते. हे काम करणाऱ्या प्रत्येकाने पूड ओली ठेवायची सवय लावून घ्यायलाच हवी.

इथे आयनिक द्रव येतात.

घरातलं मीठ म्हणजे सोडियमचे धन आयन आणि क्लोरिनचे ऋण आयन यांची घट्ट, नीटस रचना. ती मोडायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात. पण आयन मोठे, बेढब आणि असमान आकाराचे घेतले तर ते असे नीट रचले जाऊ शकत नाहीत आणि मीठ खूप कमी तापमानाला वितळतं. १०० अंशांखाली वितळणाऱ्या अशा मिठांना आयनिक द्रव म्हणायचा प्रघात आहे. पॉल वाल्डेन यांनी १९१४ मध्ये इथिल अमोनियम नायट्रेटचं वर्णन केलं. ते १२ अंशांनाच वितळतं. खरा वेग आला तो १९९२ नंतर, विल्क्स आणि झावोरोत्को यांनी हवा आणि पाणी सहन करणारी इमिडॅझोलियमची मिठं बनवल्यावर. आज प्रयोगशाळेत सर्रास दिसतो तो ब्युटिल-मिथिल-इमिडॅझोलियमचा धन आयन. जोडीला टेट्राफ्लुओरोबोरेटसारखा ऋण आयन. बाटलीत पाहिलं तर पारदर्शक, थोडासा घट्ट, वास नसलेला द्रव. साध्या परिस्थितीत त्याची वाफ जवळजवळ होतच नाही.

या द्रवात पॅलेडियमचं मीठ विरघळवलं आणि फॉर्मिक ॲसिड घातलं की पॅलेडियम धातूच्या अतिसूक्ष्म कणांच्या रूपात बाहेर येतं. हे कण काही नॅनोमीटरचे असतात. एका मिलिमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर मावतात. आयनांचे थर या कणांभोवती जमतात आणि त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. जोडीला आम्लारी असेल तर इमिडॅझोलियमचा एक हायड्रोजन निघून त्याचा कार्बन थेट पॅलेडियमला बांधला जाऊ शकतो. म्हणजे इथे द्रावक नुसतं भांडं भरायला नसतो, तो उत्प्रेरकाचा भाग होऊन जातो. काम संपलं की वरून हेक्झेनसारखा द्रावक घालायचा. तो आयनिक द्रवात मिसळत नाही. तयार झालेला तेलकट माल वरच्या थरात जातो, पॅलेडियम खालच्या थरात राहतं. वरचा थर काढून घ्यायचा, खालच्या थरात पुन्हा कच्चा माल आणि फॉर्मिक ॲसिड घालायचं. हुपरीत चांदीचं काम चालतं तिथला केरही टाकून देत नाहीत, त्यातला चांदीचा कण परत मिळवतात. पॅलेडियमच्या बाबतीत आयनिक द्रवाकडून अपेक्षा आहे ती हीच, फक्त इथे केर होऊच न देण्याची.

माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा पुढे आहे, आणि तो बहुतेक ठिकाणी ओझरता सांगितला जातो. आयनिक द्रवांची एक कमजोरी अशी की बऱ्याच आयनिक द्रवांत हायड्रोजन वायू फार कमी विरघळतो, पाण्यात विरघळतो तितका जेमतेम. त्यात चिकटपणा, ब्युटिल-मिथिल-इमिडॅझोलियम टेट्राफ्लुओरोबोरेटचा चिकटपणा पाण्याच्या शंभरपटीच्या आसपास आहे. वरून हायड्रोजनचा दाब दिला तरी वायू आत जाऊन पॅलेडियमपर्यंत पोचायला वेळ लागतो. उत्प्रेरक रिकामा बसून राहतो. पण फॉर्मिक ॲसिड किंवा अमोनियम फॉर्मेट हे ध्रुवीय, आयन बनणारे पदार्थ आहेत. मिठाच्या द्रवात ते सहज विरघळतात. हायड्रोजन वायूच्या थरातून झिरपत येत नाही, तो पॅलेडियमच्या शेजारीच विरघळलेला असतो. म्हणजे आयनिक द्रव पॅलेडियमची उणीव भरून काढतो आणि फॉर्मिक ॲसिड आयनिक द्रवाची. तीन गोष्टी योगायोगाने एकत्र आलेल्या नाहीत, एकीची खोड दुसरी सांभाळते. म्हणूनच इथे उच्च दाबाचं पात्र लागत नाही आणि साध्या चंचुपात्रात, पाणी उकळायच्या खालच्या तापमानाला काम होऊ शकतं.

मात्र भांडं बंद करायचं नाही. कार्बन डायऑक्साइडला वाट हवी. शिवाय पॅलेडियम काही फॉर्मिक ॲसिड फुकट फोडून हायड्रोजन वायूही सोडतं, त्यामुळे चांगली हवा आणि आग दूर ही खबरदारी इथेही सुटत नाही. फॉर्मिक ॲसिड वेगळ्या रीतीने फुटलं तर कार्बन मोनॉक्साइड होतो, तो माणसाला विषारी आणि पॅलेडियमलाही, कारण तो धातूला घट्ट चिकटून जागा अडवतो. सोडियम फॉर्मेट वापरलं तर मागे सोडियमचं मीठ साचत जातं आणि चार-दोन फेऱ्यांत आयनिक द्रव गढूळ होतो. म्हणून फॉर्मिक ॲसिड आणि ट्रायइथिल अमिन या आम्लारीची जोडी अनेकांना सोयीची वाटते. अमोनियम फॉर्मेटने गार नळीत पांढरे स्फटिक जमून वाट बुजते, तिकडे लक्ष ठेवावं लागतं.

आयनिक द्रवांना सरसकट पर्यावरणस्नेही म्हणायची पद्धत मला पटत नाही. वाफ होत नाही, म्हणून हवा बिघडत नाही, इथपर्यंत ठीक. पण सांडपाण्यात गेलेला पदार्थ उडूनही जात नाही. लांब कार्बन साखळी असलेली इमिडॅझोलियमची मिठं पाण्यातल्या जिवांना विषारी आहेत आणि त्यांतली बरीच सहज कुजत नाहीत. पंचगंगेच्या पाण्याची चर्चा दरवर्षी करणाऱ्या आपल्या गावाला हे सांगायला नको. हेक्झाफ्लुओरोफॉस्फेटचा ऋण आयन असलेला द्रव ओलाव्यात आणि उष्णतेत फुटून हायड्रोफ्लुओरिक आम्ल सोडू शकतो, जे काच खातं आणि हाडापर्यंत इजा करतं. आयनिक द्रव बनवताना मागे राहिलेलं किंचित क्लोराइडही पॅलेडियमला मंद करू शकतं, म्हणून एका बाटलीने आलेला निकाल दुसऱ्या बाटलीने येत नाही. आणि २००६ मध्ये दिसून आलं की निर्वात आणि उच्च तापमानात काही आयनिक द्रव उकळून गाळताही येतात; वाफ अजिबात होत नाही हे वाक्यही तेव्हापासून जपून लिहावं लागतं. कोलिन क्लोराइड, जे कोंबड्यांच्या खाद्यात घालतात, आणि युरिया यांचं मिश्रण १२ अंशांना वितळतं. असे स्वस्त आणि सौम्य पर्याय पुढे येत आहेत. प्रत्येक क्रियेला ते चालतीलच असं मात्र नाही.

या विषयावरचा एखादा दावा वाचनात आला तर मी आधी माल वेगळा कसा केला ते पाहतो. भांडंभर ईथर वापरून माल काढला असेल, तर उडणारा द्रावक टाळल्याचं श्रेय घेता येत नाही. दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडने माल ओढून घेण्याची पद्धत १९९९ मध्ये दाखवली गेली आहे: तो वायू आयनिक द्रवात शिरतो, पण आयनिक द्रव त्याच्यात जात नाही. महाग आहे, पण स्वच्छ आहे. मग पाहायचं की उत्प्रेरक किती फेऱ्या टिकला आणि प्रत्येक फेरीला लागलेला वेळ वाढत गेला का. तयार मालाची टक्केवारी शंभरच्या जवळ दिसते, पण पहिल्या फेरीला एक तास आणि पाचव्याला दहा तास लागले असतील तर उत्प्रेरक मरत चाललेला असतो. तयार मालात पॅलेडियम किती उतरलं हे मोजलं आहे का, हेही पाहायचं.

आणि फॉर्मिक ॲसिड कुठून आलं? आज ते मुख्यतः मिथेनॉल आणि कार्बन मोनॉक्साइडपासून बनतं, म्हणजे मुळाशी बहुधा नैसर्गिक वायू किंवा कोळसा. हायड्रोजन देताना सुटणारा कार्बन डायऑक्साइड त्या हिशेबात धरायलाच हवा. दुसरी वाटही आहे. साखर किंवा सेल्युलोज आम्लात तापवलं की लेव्ह्युलिनिक ॲसिड आणि फॉर्मिक ॲसिड एकास एक प्रमाणात मिळतात. त्यातलं फॉर्मिक ॲसिड योग्य उत्प्रेरकावर आपला हायड्रोजन लेव्ह्युलिनिक ॲसिडला देऊन त्याचं गॅमा-व्हॅलेरोलॅक्टोन करू शकतं, जे द्रावक म्हणून आणि इंधनात मिसळायला उपयोगी आहे. म्हणजे ज्याच्यावर हायड्रोजन बसवायचा तो रेणू आणि ज्याच्याकडून घ्यायचा तो रेणू, दोन्ही एकाच उसाच्या कांड्यातून. सध्या अडतं ते हे दोन्ही पदार्थ पातळ, आम्लयुक्त पाण्यातून स्वस्तात वेगळे काढण्यावर. इतकं पाणी उडवायला लागणारी उष्णता अजून परवडत नाही, आणि तापवताना घातलेलं आम्ल न काढता सगळं तसंच पुढच्या भांड्यात न्यावं तर बरेच उत्प्रेरक त्यात टिकत नाहीत.